फूल कुठवर आलं

पिंपळखेल, ता. साक्री
१२ मार्च १९८५

प्रिय मंदा,

तुझं संक्रांतीचं पत्र येऊन दोन महिने झाले. तिळगुळाची पुडी टपालात फुटली होती आणि कागदाला तेलकट डाग पडला होता. तो डाग उजेडाकडे धरून मी तुझं अक्षर पाहत बसले. भुसावळच्या शाळेत सिस्टरनी गिरवून घेतलेलं, उजवीकडे झुकलेलं ते अक्षर अजून तसंच आहे. माझं मात्र उतार मिळेल तिकडे जातं.

आज मागणं घेऊन आले आहे. यांना जाऊन आता तीन वर्षं होतील. अभिमन चोवीस वर्षांचा झाला. मित्राच्या लग्नाला तो तुमच्या रावेरकडे आला होता, केळीच्या बागा पाहून आला, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. म्हणतो, "माय, आपण गहू आणि ऊस किती दिवस करायचा?" केळी लावू दिली तर गावात राहतो, नाहीतर सुरतेला मामाकडे जातो, कापडाच्या गिरणीत. मंदा, हे घर मोठं आहे. संध्याकाळी दिवा लावला की एका खोलीचा उजेड दुसऱ्या खोलीपर्यंत पोचत नाही. तो गेला तर मी कोणाशी बोलू?

आमची फडाची रीत तुला आठवत नसेल. पांझरेवरच्या बंधाऱ्याखालची गावाची सगळी जमीन चार फडांत आहे आणि प्रत्येक फडात प्रत्येक घराचा एक पट्टा. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस, एकात गहू, एकात भुईमूग, आणि चौथा मोकळा, विसाव्याला. कुठल्या फडात काय, ते दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, बंधाऱ्यावर बसून ठरतं. पाणी सोडतो तो पाटकरी. मालकाने स्वतः पाटाला हात लावायचा नाही. हे सगळं असताना केळी कुठे बसवायची ते मी गावाला विचारणार आहे. तू मला फक्त सात-आठशे कंद दे. तुमच्या बागेतले, तुझ्या हातचे.

तुझी,
वच्छला


लोहारखेडे, ता. रावेर
३ एप्रिल १९८५

प्रिय वच्छला,

तुझं पत्र वाचलं आणि मी तेरा वर्षांची होऊन तुझ्या गावी गेले. तुझं माहेरही तेच, सासरही तेच. सुट्टी होती. तुझ्या आईने कळण्याची भाकरी बांधून दिली होती. पाटकरीबाबा, म्हणजे तुमचे आताचे पाटकरी छगनभाऊ यांचे वडील, बंधाऱ्यापाशी उभे राहून पाटात पळसाचं फूल सोडत. म्हणत, "फुलन्या संगे चाला, पोरीहो. फूल पुढे गयं तर पाणी जास्ती शे, मांगे राह्यनं तर कमी शे." आपण दोघी त्या फुलाबरोबर चालत शेवटच्या पट्ट्यापर्यंत गेलो. मी विचारलं होतं, पहिलं पाणी शेवटच्या शेताला का? बाबा हसले. म्हणाले, पहिल्याला पाणी रोज दिसतं, शेवटच्याने ते नुसतं ऐकलेलं असतं. मला अजून कधी झोप लागली नाही तर मी डोळे मिटून त्या फुलाबरोबर चालते. शेवटच्या पट्ट्याआधीच झोप लागते.

तू बागेचं विचारलंस. दुपारी मी ओसरीवर बसते. समोर केळीची पानं एकमेकींना घासतात, तेव्हा नव्या लुगड्याच्या घडीसारखा आवाज येतो. आत शिरलं की भर उन्हात पाण्याखाली गेल्यासारखं हिरवं वाटतं. कोवळं पान सुरळीतून उलगडताना त्यावर कोणी लिहायच्या आधीच्या कागदासारखं दिसतं. आमचे हे हल्ली बागेत फारसे जात नाहीत. दारातल्या खाटेवर बसून तिकडे बघत असतात.

कंदांचं मात्र यंदा जमायचं नाही. रागावू नकोस आणि कारण विचारू नकोस. अभिमनला सांग, केळीला पाणी फार लागतं, आणि ते वेळेवर लागतं. तुमच्या नदीला मार्गशीर्षात किती पाणी असतं ग?

तुझी,
मंदा


पिंपळखेल
३० एप्रिल १९८५

प्रिय मंदा,

कारण विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारत नाही. एवढी मोठी बाग आहे, पाण्याखाली गेल्यासारखी हिरवी, आणि त्यातून मैत्रिणीच्या लेकासाठी चार बैलगाड्या कंद निघत नाहीत. मला वाईट वाटलं, ते सांगून मोकळी होते. शाळेत तू तुझी रंगीत खडूची पेटीसुद्धा अशीच कुणाला हात लावू देत नसायचीस.

आखाजीला बैठक झाली. खापरावरचे मांडे खाऊन सगळे बंधाऱ्यावर आले. अभिमनने केळीचं काढलं तेव्हा आधी हसू झालं. आमचा थट्टेखोर रुपचंद म्हणाला, "भाऊ, केयी लावशी तर माकडंबी सुरतथीन मांगाडी लय." छगनभाऊ हसले नाहीत. ते म्हणाले, "ऊस पंधरा दिवस वाट देखस. केयी सहावा दिवसले हाका मारस. एक फडमा दोन भुका कशा पोसू?"

मग मी उभी राहिले. बायका तिथे सहसा बोलत नाहीत. मी म्हटलं, यांनी वीस वर्षं पावसाळ्याआधी हा पाट उपसायला सगळ्यांच्या पुढे फावडं धरलं. त्यांच्या नावाने एवढं द्या. शेवटच्या पट्ट्याची तानुबाई, आता सत्तरीची आहे, तीच म्हणाली, "लावू द्या पोऱ्याले. माय एकटी शे." शेवटी ठरलं ते असं: उसाच्या फडात आमच्या पट्ट्यावर केळी लावायची, पण पाणी उसाच्याच पाळीने घ्यायचं, मध्ये मागायचं नाही. अभिमनने सगळ्यांदेखत बंधाऱ्याला हात लावून कबूल केलं.

कंद तोताराम म्हणून तुमच्याकडचाच एक गाडीवाला आहे, त्याने आणून द्यायचं कबूल केलं. मृगात लावू.

वच्छला


पिंपळखेल
२० डिसेंबर १९८५

प्रिय मंदा,

आठ महिने तू गप्प आहेस. मी रागाने लिहिलं म्हणून असेल. खडूच्या पेटीचं नको होतं लिहायला.

केळी बघायला ये. माझ्या डोक्याच्या वर गेली. पाऊस बेताचा झाला, ऊस यंदा जरा मलूल आहे, पण केळीचं पान असं तुकतुकीत की त्यात आपलं तोंड दिसेल. अभिमन पहाटेपासून तिथेच असतो. गुणगुणत घरी येतो. सुरतेचं नाव नाही.

छगनभाऊंची बायको माहेरी आहे, तेव्हा मी त्यांना जेवायला बोलावते. दर पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी येतात. डुबुकवड्यांची आमटी त्यांना फार आवडते. सावकाश जेवतात, मग ओसरीवर पान खातात, यांच्या आठवणी काढतात. चांगला तास-दीड तास जातो. मलाही बरं वाटतं.

गव्हाला पाणी सुरू आहे. छगनभाऊ वडिलांसारखंच सकाळी फूल सोडतात, आता झेंडूचं. तानुबाई शेवटच्या पट्ट्यावर त्याची वाट बघत बसलेली असते. परवा म्हणत होती, कधी कधी फूल येतच नाही. तिचे डोळे अधू झालेत बिचारीचे.

तुझ्या बागेचं लिही. तुझ्या बागेचं वाचलं की आमचीही तशीच होईल असं वाटतं.

तुझी,
वच्छला


लोहारखेडे
८ जानेवारी १९८६

प्रिय वच्छला,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. दर पाचव्या-सहाव्या दिवशी, दुपारी, तास-दीड तास. वच्छला, मी पस्तीस वर्षं केळीच्या घरात आहे. हिवाळ्यात केळीची पाळी कितव्या दिवशी येते ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तुझ्या ओसरीवर छगनभाऊ आमटी पीत असतात तेव्हा पाटावर कोण असतं?

मी हे विचारलं म्हणून तुझ्याहून शहाणी आहे असं समजू नकोस. आता माझं ऐक.

आमची बाग नाही. गेल्या एप्रिलमध्ये तुला जी बाग लिहून पाठवली ती त्याच्या आदल्या उन्हाळ्यात वाळली होती. ओसरीवर बसून मी तुला लिहिलं तेव्हा समोर नुसती ढेकळं होती. ती पानं, तो लुगड्याचा आवाज, सगळं डोळे मिटून लिहिलं. लिहिताना मला इतकं गार वाटलं की खरं लिहावंसं वाटेना. तुला द्यायला एक कंद नव्हता, आणि ते सांगायची लाज वाटली.

कसं झालं ते सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा विहिरीवर मोट होती आणि ओणवं होऊन पाहिलं की पाण्यात आपलं डोकं दिसायचं. मग इंजिन आलं, मग वीज आली. सगळ्यांनी केळी वाढवली, आम्हीही. शेजारच्या नथ्थूभाऊंनी विहीर दहा हात खोल केली तर आमचं पाणी खाली गेलं. मग आम्ही पंधरा हात केली. त्यांनी विहिरीच्या तळाशी बोअर मारलं. आमच्या ह्यांनी त्याहून खोल मारलं. ज्या दिवशी आमच्या बोअरला पाणी लागलं त्या दिवशी मी पेढे वाटले, आणि त्याच दिवशी नथ्थूभाऊंच्या मोटारीने नुसती हवा ओढली. मी त्यांच्या घरीही पेढा पाठवला होता. बेबाबाईने, त्यांच्या बायकोने, तो परत पाठवला. पुढे दोन वर्षांनी आमचंही आटलं. पेढा परत आला तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. खाली पाणी एकच होतं. ते दिसत नव्हतं, म्हणून ज्याला त्याला ते आपलं वाटलं.

तुमचं पाणी दिसतं ग. त्याच्या बरोबर चालता येतं. आमच्याकडे शेवटचा पट्टा कोणाचा, हे कोणाला कधी कळलंच नाही. तानुबाईचे डोळे अधू नसतील.

तुझीच,
मंदा


पिंपळखेल
२ फेब्रुवारी १९८६

प्रिय मंदा,

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी केळीत गेले. अभिमन नव्हता. पाटाला जिथून आमची चारी फुटते तिथे खाली वाकून पाहिलं. चिखलात झेंडूची फुलं होती. सात. काही काळी पडलेली, एक ताजं. तानुबाईकडे निघालेली सात फुलं वाटेतच आमच्याकडे वळली होती.

अभिमन चारीची दारं उघडतो हे मला ठाऊक होतं. त्याने मला कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. तो फक्त सकाळी म्हणायचा, "माय, आज छगनबाबाले जेवाले बोलावजो." मी चूल पेटवायची. माणसाला पोटभर जेवू घालण्यात काय वाईट, असं मी स्वतःला सांगत होते. शाळेत कबुलीची प्रार्थना म्हणताना आपण डोळ्यांच्या फटीतून एकमेकींकडे बघायचो, तशी मी इतके महिने फटीतून बघत होते.

दुसऱ्या दिवशी छगनभाऊ आले. मी ताट वाढलं आणि समोर ती सात फुलं ठेवली. म्हटलं, भाऊ, तुम्ही जेवायला बसलात की आमच्याकडे पाणी फुटतं. माझ्या सांगण्याने.

त्यांनी घास थांबवला नाही. म्हणाले, "माले माहीत शे, वहिनी. फूल मीच सोडस. ते कोठे जास, हाई माले कयाव नही का?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमन्या हातना घास तोंडमा व्हता. खायेल तोंडघाई कसं बोलू? आज नही ते सकाय तुम्हीच सांगशात, आशे म्हणत ऱ्हायनू."

मग कळलं ते असं. तानुबाईचा गहू सुकू नये म्हणून इतके दिवस ते स्वतःच्या पट्ट्याची पाळी तिला देत होते. मी जाऊन पाहिला त्यांचा गहू. वीतभर उंचीवर पिवळा पडून थांबला आहे. मी ज्यांना जेवू घालत होते त्यांच्याच शेतातलं काढून घालत होते.

अभिमनला सांगितलं. तो खूप बोलला. म्हणाला, सगळं जग पुढे जात आहे आणि तुम्ही फुलं मोजत बसा. परवाच्या एसटीने सुरतेला गेला. साक्रीपर्यंत मी बरोबर गेले. तो खिडकीतून दुसरीकडे बघत होता. उतरताना मी तुझं पत्र त्याच्या पिशवीत सरकवलं. तुला न विचारता दिलं, माफ कर.

केळी उसाच्या पाळीवर सोडली आहे. जगेल तितकी जगेल. आता घरात संध्याकाळी एकाच खोलीत दिवा लावते.

तुझी,
वच्छला


लोहारखेडे
१९ मार्च १९८६

प्रिय वच्छला,

माझं पत्र त्याला दिलंस ते बरं केलंस. मी मात्र तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. खाटेवर पडून ऐकत होते. छगनभाऊंनी स्वतःची पाळी तानुबाईला दिली, तिथे मी आले तेव्हा उठून बसले. म्हणाले, "ते पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मग वहाणा घालून बाहेर पडले. मी दारातून पाहत होते. नथ्थूभाऊंच्या अंगणात जाऊन उभे राहिले. चार वर्षांनी. बराच वेळ दोघेही उभेच होते. मग नथ्थूभाऊंचा आवाज ऐकू आला, "लीलाधर, बस ना आता. खाट काय तुले चावते?"

पाऊस पडला की दोघे मिळून आमच्या दोन शेतांमधला जुना नाला अडवणार आहेत. त्याने विहिरीला पाणी येईल की नाही, देव जाणे. तोवर दोघांनीही ज्वारी आणि तूरच पेरायची असं ठरलं आहे. बेबाबाईकडून काल भरीत आलं. मी भांडं रिकामं परत पाठवलं नाही, पेढे घातले. या वेळी परत आले नाहीत.

तू एकटी कशी आहेस?

तुझी,
मंदा


पिंपळखेल
१४ मार्च १९८७

प्रिय मंदा,

वर्षभर तुला तुकड्यातुकड्याने लिहीत आले, आज सलग लिहिते.

गेल्या आखाजीला मी बैठकीत उभी राहिले आणि सगळं सांगितलं. अभिमनचं नाव घेतलं नाही, माझंच घेतलं. रुपचंदसुद्धा थट्टा करायचं विसरला. गावाने काय शिक्षा द्यावी, तर सगळ्यांनी तानुबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मन्हा डोया आते दमनात. वरीसभर मन्हा जागावर ती बसी. फूल उनं का नही, ती सांगी." झालं. एवढंच.

तेव्हापासून पाण्याच्या दिवशी मी शेवटच्या पट्ट्याच्या बांधावर बसते. मंदा, तिथून सगळं वेगळं दिसतं. आधी काहीच नसतं. कोरडा पाट, त्यात मुंग्यांची रांग. मग माती गडद होते, पाणी दिसायच्या आधी तिचा वास येतो. पाखरं खाली उतरतात. मग बोटभर पाणी, पुढे काटक्या ढकलत येणारं. आणि मग कधीतरी फूल. नदी यंदा बारीक होती. बैठकीने दोन फड मोकळे ठेवले, सगळ्यांचेच. त्यामुळे पाणी थोडं होतं, पण फूल एकदाही चुकलं नाही. तुला झोप लागते ती जागा मी आता दर पाळीला जागी राहून बघते.

सुरतेहून अभिमनची कार्डं येत. जेवण ठीक, खोली लहान, मामा बरे. संक्रांतीच्या कार्डात एक ओळ जास्त होती. "मंदामावशीचं पत्र मी जपून ठेवलं आहे. छगनबाबांचा गहू यंदा कसा आहे?" मी उत्तर लिहिलं: कमरेइतका.

छगनभाऊंचा गुडघा धरला आहे. गेल्या महिन्यापासून ते बंधाऱ्यावर फूल सोडतात, पण पाटाबरोबर चालवत नाही. रुपचंद थोडे दिवस चालला. तो फुलाच्या पुढे पळायचा.

परवा पाण्याची पाळी होती. पळस फुलला आहे, बांधावर बसलं की दूरवर शेंदरी दिसतो. मी बसले होते. माती गडद झाली. वास आला. लांब, वळणावर, पाटाकडेने कोणीतरी खांद्यावर फावडं घेऊन येताना दिसलं. रुपचंद नव्हता. पळत नव्हता. दोन पावलं टाकायचा, थांबायचा, पाण्याकडे बघायचा, पुन्हा दोन पावलं. मध्येच खाली वाकून पाटात अडकलेली काडी काढली. फावडं धरायची पद्धत यांची होती.

कधी आला, कोणत्या गाडीने, घरी न येता आधी बंधाऱ्यावर का गेला, हे काही मला माहीत नव्हतं. त्याने मला पाहिलं, पण चाल वाढवली नाही.

मीही उठले नाही. फूल अजून माझ्यापर्यंत यायचं होतं.

तुझी,
वच्छला